पोट ढवळलं की फाटा येतो

सुरतेहून सापुताऱ्याला निघालेल्या गाडीत माणसं किती, हे कुणी विचारत नाही. डबे किती ते विचारतात. गेल्या पावसाळ्यात उधन्याच्या आमच्या गल्लीतून सात जणांची गाडी निघाली तेव्हा डिकीत चौदा डबे होते. शिवाय एक पिशवी वेगळी, 'रस्त्यात भूक लागली तर' म्हणून. रस्त्यात भूक लागायची तर निघताना खाल्लेलं आधी खाली उतरायला हवं, पण असले हिशेब सुरतेत कुणी करत नाही. 'सुरतनुं जमण ने काशीनुं मरण' अशी गुजरातीत म्हण आहे. त्यातलं जेवणाचं कलम सुरतकराने इतकं मनावर घेतलंय, की दुसऱ्या कलमासाठी काशीपर्यंत जायची वेळच येऊ नये.

हे मी परका म्हणून बोलत नाही. वडील अमळनेरकडून लूमवर कामाला आले ते इथलेच झाले. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या पट्ट्यात आम्ही खानदेशी इतके, की लग्नसराईत सुरतेहून सुटणारी भुसावळची गाडी म्हणजे चालतं मंगल कार्यालयच. घरात अहिराणी, शाळेत मराठी, दुकानात गुजराती, असा आमचा कारभार. पोट मात्र पहिल्याच पिढीत बाटलं. आई अजून कळण्याची भाकरी थापते आणि आम्ही ती खमणाशी लावून खातो. आईने आता त्याकडे बघणं सोडून दिलंय.

तर ते डबे. नवसारी यायच्या आत थेपले संपले. चिखलीला मुख्य रस्ता सोडून डावीकडे वळलो आणि फाफड्यांचा पुडा सुटला. वांसद्याच्या आसपास मेहुण्याने लोचो काढला. लोचो हा डब्यातून न्यायचा पदार्थच नव्हे; गरम गरम, वर तेल-शेव घालून, टपरीसमोर उभं राहून खायची चीज आहे ती. बिघडलेल्या खमणातून लोचो जन्मला असं म्हणतात. मेहुण्याने त्या बिघडलेल्याला आणखी शंभर किलोमीटर हलवून आणलं होतं. तरी आम्ही तो खाल्ला. अन्न टाकू नये.

वाघईला जरा थांबलो. बिलिमोऱ्याहून निघणारी अडीच फुटी रुळांची छोटी आगगाडी इथे संपते. गायकवाड सरकारच्या अमदानीत, १९१३ साली, ती सुरू झाली, जंगलातला साग खाली न्यायला. ६३ किलोमीटर जायला तिला तीन तासांहून जास्त लागतात. या गाडीवर माझा जीव आहे. तिच्यात बसून कुणी ओकल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही, कारण ओकायला किमान जो वेग लागतो तो तिने कधी घेतलाच नाही.

आमच्या गाडीने घेतला. वाघई सुटली की अंबिका नदी कधी या हाताला, कधी त्या हाताला अशी लपाछपी खेळते, दोन्हीकडून साग अंगावर येतो आणि रस्ता वळायला लागतो. सापुतारा पन्नासेक किलोमीटर राहिलेलं असतं. वळण म्हणजे काय, हे सुरतेच्या माणसाला ठाऊक नसतं. आमच्याकडे रस्ता वळतो तो पुलाखाली. इथे तो डावीकडे जातो, लगेच पस्तावतो, उजवीकडे येतो, पुन्हा पस्तावतो. कानातला तोल सांगतो गाडी वळतेय, मोबाइलमध्ये खुपसलेले डोळे सांगतात सगळं जागच्या जागी आहे. या दोन साक्षीदारांच्या भांडणात निकाल पोटाविरुद्ध लागतो.

त्याची लक्षणं ठरलेली. आधी गाडीतली गाणी म्हणणारी मंडळी गप्प होतात. मग मागच्या सीटवरचं कुणीतरी 'एसी बंद करून काच उघडा ना' म्हणतं. मग डिकीतल्या डब्यांचा वास सगळ्यांना एकदमच येऊ लागतो. मग दोन मिनिटं कुणी कुणाशी बोलत नाही, जो तो समोरच्या सीटच्या पाठीकडे एकटक बघतो, देवाकडे बघावं तसा. आणि मग मेहुण्याचा मुलगा, जो घरी मराठी बोलतो पण संकटात गुजराती, तो म्हणतो, "फुवा, जरा साइड पर लो ने!"

साइडला घेतलं तिथे फाटा होता.

हा योगायोग असेल असं मला पहिल्यांदा वाटलं. मग कळलं की प्रत्येक गाडीत हे वाक्य साधारण याच वळणावर बोललं जातं. वाघईपासूनची वळणं पोटात साठत साठत इथे काठोकाठ भरतात. माणसं नदीकाठी वसली, खाणीपाशी वसली, देवळाभोवती वसली, असं भूगोलात शिकलो होतो. दुसऱ्यांच्या पोटात ढवळतं त्या जागी वसलेली वस्ती मी पहिल्यांदाच पाहत होतो.

फाट्याचं नाव मुद्दाम सांगत नाही. छापून आलं तर रविवारी सुरतेहून चाळीस गाड्या तिथे सेल्फी काढायला जातील आणि ज्यांना खरी गरज आहे त्यांना जागा उरणार नाही. शामगहानच्या अलीकडे, एवढं पुरे. शिरगणती करायची तर: टपऱ्या तीन, पंक्चरवाला एक, हातपंप एक, एसटीचा निवारा एक (त्यात शेळ्या), मारुती एक, आणि मारुतीच्या मागे उतारावर कुडाची नि विटांची मिळून नऊ घरं. पाटी गुजरातीत. गुजराती लिपी म्हणजे घरी आल्यावर टोपी काढून ठेवलेली देवनागरी. आम्हाला वाचायला कष्ट पडत नाहीत. इथून जो कच्चा रस्ता आत फुटतो तो कुठे जातो, हे मी तिघांना विचारलं. तिघांनीही 'आत' एवढंच सांगितलं.

मधली टपरी मावशींची. गाडी पुरती थांबायच्या आत त्यांनी लिंबू कापायला घेतलं होतं.

"किती जण?" त्यांनी विचारलं.

"सात."

"बसलेले नको. ओकणारे किती?"

"एकच. लहान आहे."

त्यांनी गाडीवरून एकदा नजर फिरवली आणि तीन लिंबं कापली.

त्या दिवशी मी तास-दीड तास त्या बाकावर काढला आणि माझ्यासमोर उपचाराची जी पद्धत उलगडली तिच्यापुढे शहरातले दवाखाने गबाळे वाटावेत. टपरीच्या डाव्या अंगाला जरा दूर, उताराकडे तोंड करून एक मोकळी जागा. तिथे राखेचं घमेलं आणि फावडं. 'आधी मोकळं व्हा, मग बसा' हा पहिला नियम. मोकळं होऊन आलेल्याला कळशीतलं साधं पाणी, नुसत्या चुळा भरायला. त्याचे पैसे नाहीत. मग आल्याचा नखाएवढा तुकडा मिठाला लावून. तो चघळून होईपर्यंत लिंबू-पाणी मिळत नाही, कितीही मोठे शेठ असा. मग पादेलोण आणि जिरेपूड घातलेलं लिंबू-पाणी, घोट घोट. पंधरा मिनिटांनी नागलीचा भाजलेला पापड, अर्धा. पोटाने तो ठेवून घेतला तर चहा. चहा म्हणजे डिस्चार्ज.

"गाडी चालवणारा कधी ओकत नाही," मावशी म्हणाल्या. "त्याला पुढचं वळण ठाऊक असतं. मधल्या सीटवरचा पहिला. आणि ज्याची बायको 'अजून एक घ्या ना' म्हणत आलीय तो दुसरा."

मी गाडी चालवत होतो, तेव्हा मला हे शास्त्र एकदम पटलं. मेहुण्याला पटलं नाही. तो तेव्हा मोकळ्या जागेकडे निघाला होता.

मावशींची बोली म्हणजे आमच्या अहिराणीची मावसबहीण. मी अहिराणीत विचारावं, त्यांनी डांगीत उत्तर द्यावं आणि दोघांचंही काही अडू नये. १ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली तेव्हा डांग गुजरातेत गेला. त्याच्या आधी नि नंतरही, ही बोली मराठीची की गुजरातीची यावर मोठमोठ्या माणसांनी फार शाई खर्च केली. मावशींचं या प्रश्नाशी देणंघेणं नाही. त्यांच्याकडे दोन राज्यं ओळखायची त्यांची स्वतःची खूण आहे. ती सांगावी की नाही असा मला प्रश्न पडला होता, पण लेख विनोदी आहे आणि वाचकाने जेवण आटोपलं असेल असं धरून चालतो.

"सुरतेकडून येतात ते पिवळं," त्या राखेचं घमेलं सारत म्हणाल्या. "नाशिककडून येतात ते लाल."

खमण आणि मिसळ! सीमावादाचा इतका रोखठोक निवाडा मी कुठल्या आयोगाच्या अहवालातही वाचलेला नाही.

मेहुणा परत आला, आल्याचा तुकडा चघळला, रंग जरा परतला आणि त्याच्यातला रिंगरोडचा कापड दलाल जागा झाला. त्याचं अख्खं आयुष्य ठोक भावात गेलंय. लिंबू-पाणी वीस रुपये ऐकल्यावर त्याने सवयीने विचारलं, "पाच ग्लास घेतले तर?"

"तर पाच जण ओकले असतील," मावशी म्हणाल्या. "भाव तोच."

सुरतेहून ओझं घेऊन या डोंगरांकडे येणारे आम्ही काही पहिले नव्हे. १६७० च्या ऑक्टोबरात महाराज दुसऱ्यांदा सुरतेवर आले, ते परतताना बागलाणातून गेले आणि पुढे वणी-दिंडोरीपाशी मोगलांशी मोठी झुंज झाली. त्या फौजेच्या पाठीवर लूट होती, डबे नव्हते. म्हणून डोंगर ओलांडून वर लढाईही मारता आली. आमच्या फौजेला सापुताऱ्याला पोचून हॉटेलच्या खोलीची किल्ली घ्यायचीही ताकद उरत नाही. पहिले दोन तास सगळे आडवे.

पलीकडच्या बाकावर पंक्चरवाल्याशी गप्पा मारत एक काका बसले होते. पांढरं धोतर, पायात प्लॅस्टिकची चप्पल, हातात विडी. मावशींनी त्यांना चहा दिला, पैसे घेतले नाहीत. मी कोण म्हणून विचारलं तर पंक्चरवाला म्हणाला, "राजाचे भाऊबंद आहेत." मला वाटलं चेष्टा. चेष्टा नव्हती. डांगमध्ये गाढवी, आमला, वासुर्णा, लिंगा आणि पिंपरी असे पाच भिल्ल राजे आहेत. १८४२ साली इंग्रजांनी यांच्याकडून जंगल पट्ट्याने घेतलं, कारण मुंबईत जहाजं बांधायला साग हवा होता. त्याचा मोबदला म्हणून जे मानधन सुरू झालं ते अजून चालू आहे. १९७१ मध्ये देशभरातल्या महाराजांचे तनखे बंद झाले, मोठमोठ्या राजवाड्यांची हॉटेलं झाली. डांगच्या राजांना मात्र दरवर्षी होळीच्या तोंडावर आहव्याला दरबार भरवून सरकार मानाने रक्कम देतं. बरोबर नाईक आणि भाऊबंदही असतात. रकमेचा आकडा ऐकाल तर तेवढ्यात सुरतेत दुकानाचा गाळाही मिळणार नाही असं वाटेल, पण दरबार तो दरबार.

आमच्या गल्लीतले हिऱ्याचे कारखानदार स्वतःला 'छोटा माणूस' म्हणवतात. आणि इथे फाट्यावर, पंक्चरच्या टपरीत, एक माणूस राजघराण्याचा म्हणून फुकट चहा पितो आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मी उठून नमस्कार केला. त्यांनी विडी या हातातून त्या हातात घेऊन तो स्वीकारला.

एवढ्यात सुरतेच्याच पासिंगची आणखी एक गाडी थांबली. तिच्यातून चार पुरुष उतरले. कुणालाच ओकायचं नव्हतं, पण चौघांच्या चेहऱ्यावर एक प्रकारची ओढ होती. "हतगड किती दूर?" त्यांनी विचारलं. हतगड म्हणजे सापुताऱ्याच्या पुढचा किल्ला, नाशिक जिल्ह्यात, हद्द ओलांडली की आलाच. गुजरातेत दारूबंदी आहे आणि महाराष्ट्रात नाही, या दोन वाक्यांच्या मधोमध हा किल्ला उभा आहे. सुरतेच्या पुरुषवर्गात मराठ्यांच्या इतिहासाबद्दल जी आस्था दर शनिवारी दुपारनंतर उफाळून येते, तिचं मूळ इथे आहे. मावशींनी अंतर सांगितलं. चौघं घाईने निघाले.

"किल्ल्याला दरवाजे किती आहेत ते विचारा एकदा परत येताना," पंक्चरवाला म्हणाला. "आजपर्यंत एकालाही सांगता आलेलं नाही."

"हे परत येताना थांबतात का?" मी विचारलं.

"थांबतात," मावशी म्हणाल्या. "त्यांचा रंग वेगळा."

मुलांना आता भूक लागली होती. एकदा मोकळं झालं की लहान पोरांना लगेच भूक लागते. टपरीत नागलीचे पापड होते, बांबूच्या कोवळ्या कोंबांचं लोणचं होतं, परड्यात कुठल्याशा रानभाजीच्या जुड्या होत्या. २०२१ मध्ये डांग हा पूर्ण नैसर्गिक शेतीचा जिल्हा म्हणून जाहीर झाला. रासायनिक खत नाही, फवारा नाही. आमच्या पोरांनी त्या सगळ्यावरून नजर फिरवली आणि दोरीला लटकणाऱ्या माळेतली वेफर्सची पाच पाकिटं तोडून घेतली. बायकोने मावशींकडे ओशाळून पाहिलं. मावशी म्हणाल्या, "घेऊ द्या. पापड मी घरी खाते, वेफर्स तुमच्यासाठीच ठेवलेत." मग बायकोने भरपाई म्हणून एक किलो नागली, दोन बरण्या लोणचं आणि सगळ्या भाज्या घेतल्या. डब्यांची संख्या चौदाहून अठरावर गेली.

निघताना एक गोष्ट घडली. मेहुणा म्हणाला, मला मागे फार त्रास होतो, आता घाट आहे तर गाडी मीच चालवतो, मावशींनीच सांगितलंय. मी बरं म्हटलं आणि मधल्या सीटवर बसलो. गेली वीस वर्षं मी या रस्त्याने जातोय. नाशिक माझी सासुरवाडी. या वीस वर्षांत गाडीतले सगळे कधी ना कधी ओकलेत, मी कधीही नाही, आणि हे मी दर प्रवासात साधारण चार वेळा सांगतो. त्या दिवशीही सांगून झालं होतं.

मावशींनी खिडकीतून आत पाहिलं. उरलेलं अर्धं लिंबू माझ्या हातावर ठेवलं.

"मला नको," मी म्हणालो. "मला नाही होत."

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "पैसे नाही घेत."

शामगहान येईपर्यंत मी बायकोला कानातल्या तोलाचं शास्त्र समजावून सांगत होतो. मग घाट सुरू झाला. पहिल्या वळणावर मी गप्प झालो. दुसऱ्या वळणावर अठराही डब्यांचा वास मला वेगवेगळा ओळखता येऊ लागला, लोणच्याच्या दोन बरण्यांचासुद्धा. तिसऱ्या वळणावर मी समोरच्या सीटच्या पाठीकडे देवासारखं बघत होतो. चौथ्यावर मेहुण्याच्या मुलाने, त्या कारट्याने, अगदी काळजीच्या सुरात विचारलं, "फुवा, साइड पर लेवडावुं?"

पुढचं विस्ताराने सांगत नाही. एवढंच सांगतो, की ते पिवळं होतं, आणि अर्ध्या लिंबाची मला फार मदत झाली.

परतीच्या वेळी फाट्यावर आपणहून थांबलो. मावशींनी काही विचारलं नाही. सवयीने लिंबू कापायला घेतलं आणि माझ्याकडे बघून ठेवून दिलं. "आज तुम्ही चालवताय," एवढंच म्हणाल्या. आम्ही नुसता चहा घेतला. राजाचे भाऊबंद होते, पंक्चरवाला होता, एसटीच्या निवाऱ्यात शेळ्या होत्या. कच्च्या रस्त्याने आतून एक मुलगा दुधाची किटली घेऊन आला. त्याला विचारलं, हा रस्ता कुठे जातो रे. तो म्हणाला, "घरी."

तुमचं कधी त्या बाजूला जाणं झालं, तर वाघईनंतर डबा उघडू नका, आणि उघडलात तर मधल्या सीटवर बसू नका. टपरीवर पैसे भरायचा क्यूआर कोड लावलेला आहे, पण तिथे रेंज नसते. त्या पुठ्ठ्याने मावशी चुलीला वारा घालतात. पाचशेची नोट मोडायला पंक्चरवाल्याकडे पाठवतात आणि त्याच्याकडेही मोड नसते. लिंबू-पाणी वीस रुपये आहे. सुटे जवळ ठेवा.